इंग्लंडची हळद

धाकटा भाऊ आला तो हळदीच्या वासासकट आला. नेवार्कच्या विमानतळावर तपासणीवाल्यांनी त्याची बॅग उघडून बघितली, त्यात आतली एक पुडी फुटली, आणि मग गाडीत, लिफ्टमध्ये, आमच्या एकोणिसाव्या मजल्यावरच्या घरात, सगळीकडं तो वास झाला. सूनबाई खिडकीकडं गेली. मी म्हणालो, "राहू दे." जर्सी सिटीतल्या या उंच बिल्डिंगीत खिडकी तशीही चार बोटंच उघडते. तेवढ्यातनं वास जातोय कुठं?

"आजोबा, द होल हाउस स्मेल्स लाइक करी," नात नाक धरून म्हणाली.

"करी नव्हे ती, हळद आहे. तुझ्या बापाचं सगळं शिक्षण हिच्यावर झालंय."

धाकटा हसला. सत्तरी उलटलेला माणूस, विमानात टाय लावून बसलेला, आणि नखांच्या कडा पिवळ्या. ती पिवळी कड बघून मला बरं वाटलं. इतकी वर्षं इंग्लंडात काढली, पण हा अजून आमच्यातलाच.

तो अमेरिका बघायला आला नव्हता. लेस्टरला त्याची हळद दळायची गिरणी. तिचं गिऱ्हाईक तुटलं होतं, आणि इथं नवीन गिऱ्हाईक मिळतंय का ते बघायला तो आला होता. मिळालं तर गिरणी राहणार. नाही मिळालं तर एक बिल्डर त्या जागेवर टपून बसलेला, त्याला परत गेल्यावर हो का नाही ते कळवायचं होतं. धाकट्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली, पोरबाळ नाही. गिरणी गेली तर सकाळी उठून या माणसानं जायचं कुठं? हे त्यानं कधी तोंडानं विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही. पण त्या बॅगेत पुड्यांबरोबर तेच होतं.

थोडं मागचं सांगावं लागेल.

आमचा बाप सांगलीच्या हळदपेठेत हमाल. मला तिसरीतनं काढून एका अडतीच्या दुकानात झाडलोट करायला ठेवलं. झाडता झाडता मी सौदे शिकलो. धाकट्याला मात्र मी शाळा सोडू दिली नाही. तो डिप्लोमा करून इंग्लंडला गेला, मशिनच्या कारखान्यात लागला. तो कारखाना बंद पडला तेव्हा त्याचा फोन आला, "दादा, हळद पाठवशील?"

मी पाठवली. एकेक हळकुंड मोडून, आतला रंग बघून पाठवली. त्यानं एका शेडात चक्की बसवली. लेस्टरात आपली माणसं पुष्कळ, त्यांना हळद लागायचीच, पण त्याचा खरा धंदा समुद्रापलीकडं होता. हॉलंड, बेल्जियम, जर्मनी. आज ट्रक भरला की उद्या माल हॉलंडात.

"मधे कुणी अडवत नाही?" मी विचारायचो.

"कोण अडवणार? सगळा युरोप म्हणजे एकच पेठ आहे, दादा."

एवढे देश आणि एकच पेठ! मी दुकानात येईल त्याला हे सांगायचो. हमालाचा पोरगा एवढ्या मोठ्या पेठेत गाळा धरून बसलाय म्हणजे काय गोष्ट झाली.

मग त्यांच्या देशात मत घेतलं, त्या पेठेत राहायचं का बाहेर पडायचं. धाकट्यानं बाहेर पडायचं मत दिलं. "हॉलंडवाल्यांचे नियम किती दिवस ऐकायचे? आता आम्ही सरळ हिंदुस्थानशी करार करू, अमेरिकेशी करू. जग काय लहान आहे?" असं मोठ्यानं म्हणाला. मला ते पटलं. का पटलं तेही सांगतो. आमच्या पेठेत अधूनमधून एखादा बडा व्यापारी रुसायचा. रागारागानं पेठेच्या कमानीबाहेर जायचा आणि रस्त्यावर स्वतःचा काटा लावून बसायचा. मग पाडव्याच्या आदल्या दिवशी चार जाणती माणसं नारळ आणि विडा घेऊन त्याच्या दारात जायची. तो घटकाभर फुगून बसायचा आणि मग यायचा. आल्यावर त्याचा मान आधीपेक्षा वाढलेला असायचा. मी ते डोळ्यांनी बघितलेलं. इंग्लंडचंही तसंच होणार असं मी धरून चाललो होतो. धाकट्याला म्हणालो, "घाबरू नको. येतील नारळ घेऊन."

पाडवे आले आणि गेले. नारळ घेऊन कुणी आलं नाही.

धाकट्याचे ट्रक बंदरात अडकायला लागले. माल कुठला, कुणी तपासला, कशासाठी चालला, प्रत्येक गोष्टीला कागद, आणि कागद करायला पगारी माणूस. एकदा एक शब्द चुकला म्हणून आख्खा ट्रक माघारी आला. हॉलंडचा घेणारा किती जुना, पण त्यानं भांडण केलं नाही, काही नाही. सांगलीहून सरळ हॉलंडच्या बंदरात माल मागवायला लागला, झालं. "नाताळात त्याचं कार्ड येतं अजून," धाकटा म्हणायचा. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं, अशा आवाजात म्हणायचा.

मध्यंतरी टीव्हीवर दाखवलं, इंग्लंडचा आपल्या देशाशी करार झाला. मी तोवर मुलाकडं इथं राहायला आलेलो. सगळ्यांना गप्प करून लेस्टरला फोन लावला. "बघ, झालं का नाही तुझ्या मनासारखं?"

त्यानं मागची चक्की बंद केल्याचं ऐकू आलं. मग म्हणाला, "दादा, हळदीवर तिकडं जकात आधीही नव्हती. मग माझं काय वाढलं त्यात?"

मी फोन ठेवला आणि त्या दिवशी नातीवर उगाचच ओरडलो.

आणि मग अमेरिकेनं हिंदुस्थानच्या मालावर जबर जकात बसवली. इंग्लंडच्या मालावर त्यामानानं फारच कमी. इथले आपले दुकानदार रडत होते, आणि लेस्टरहून धाकट्याचा फोन आला तो कसा, तर पोरगा परीक्षेत पास झाल्यासारखा.

"दादा, रस्ता सापडला! हिंदुस्थानातनं आली तर हळद महाग. इंग्लंडातनं आली तर स्वस्त. माझी हळद कुठनं येणार?"

"इंग्लंडातनं."

"मग झाली का नाही ती इंग्लंडची हळद?"

हसू नका. आम्ही पेठेतली माणसं. जगात ज्याला सांगलीची हळद म्हणतात ती सगळी सांगलीत पिकते का? साताऱ्याची येते, हिंगोलीची येते, कर्नाटकातनं येते, निजामाबादेहून येते. आमच्या पेठेत पोतं उतरलं, ढीग पडला, सौदा झाला की ती सांगलीची. पुढं तिला जन्मगाव कुणी विचारत नाही. आमच्या तीन पिढ्या या रिवाजावर जगल्या. मग लेस्टरात उतरलेली, लेस्टरात दळलेली, लेस्टरच्या पुडीत भरलेली हळद लेस्टरची का नाही? मला यात तसूभर शंका आली नाही.

मुलाला आली. तो कॉम्प्युटरवाला, पण सावध माणूस. "बाबा, कस्टम्सचं तसं नसतं बहुतेक. एखाद्या लॉयरला कन्सल्ट करू या आधी."

"तू तुझं कोडिंग कर," मी म्हणालो. "हळदीतलं मला कळतं." आणि लेस्टरला कळवलं, "ये तू. इथल्या रस्त्यावर मला ओळखत नाही असा दुकानदार नाही."

असा तो आला.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. स्टेशनाच्या पलीकडं आपल्या दुकानांची ओळ आहे, तिथं एक मोठा दुकानदार, नागपूरकडचा. स्वतः माल मागवून आणखी दहा दुकानांना पुरवतो. मी रोज त्याच्या दुकानात जाऊन कोथिंबिरीवरनं भांडतो, त्यामुळं ओळख घट्ट. मी कोट घातला, टोपी घातली, गळ्यात मफलर. धाकट्यानं टाय लावला, आणि पुड्या एका चांगल्या चामडी पिशवीत घेतल्या.

"या काका, आज लईच नटून आले? लग्न आहे का कुठं?" दुकानदार म्हणाला आणि त्यानं हात पुढं केला.

आता इथं माझ्या हातानं काय केलं ते सांगतो. आमच्या पेठेत हळदीचा भाव तोंडानं कुणी बोलत नसे. विकणारा आणि घेणारा उपरण्याखाली हात घालायचे, आणि बोटं दाबून भाव सांगायचे. शेजाऱ्याला पत्ता नाही. अंगठा दाबला म्हणजे सौदा पक्का. हात काढून घेतला म्हणजे मोडला. आणि विकणाऱ्यानं हात नुसता उघडा ठेवला, तर त्याचा अर्थ, तुम्हीच काय ते ठरवा, मला मान्य. असा उघडा हात फक्त घरच्या माणसाला द्यायचा. तर त्या दुकानदाराचा हात पुढं आलेला दिसला, आणि माझ्या हातानं आपसूक गळ्यातला मफलर काढून त्याच्या हातावर टाकला.

दुकानदार मफलरकडं बघत राहिला. "थंडी वाजून राहिली का काका?"

धाकटा एवढा हसला की त्याला खोकला लागला. चहा आला. सगळे मोकळे झाले. मला वाटलं, शुभ झालं.

धाकट्यानं पुडी फोडली. दुकानदारानं चिमूट तळहातावर घेतली, रगडली, वास घेतला, अंगठ्यानं पुसून रंग राहतो का ते बघितलं. माणूस जाणकार. "एक नंबर माल आहे बाप्पा. असा रंग मी इथं कुठं नाही पाहिला." धाकट्यानं माझ्याकडं बघितलं. मी टोपी नीट केली.

"पण पिकली कुठं?"

"लेस्टरला दळलीय," धाकटा म्हणाला. "माझ्या स्वतःच्या गिरणीत."

"दळली नाही हो. पिकली कुठं?"

धाकटा टाय सारखा करायला लागला. मीच म्हणालो, "सांगलीकडची."

दुकानदारानं तळहात समोरच्या कागदावर झटकला. मग स्टूल ओढून आमच्यासमोर बसला. तो वाईट नव्हता, हे मला लिहून ठेवायचं आहे. "काका, मी पण हेच केलं होतं. मखाणे दुबईत भाजून घेतले, तिथंच पॅक केले. म्हटलं झाले दुबईचे. इथं बंदरात पकडले. म्हणाले, भाजल्यानं देश बदलत नाही. जिथं उगवलं तिथलंच. जकात तर भरलीच, वरून दंड. यार, तेव्हापासून कानाला खडा." मग म्हणाला, "आणि जकात भरायचीच असेल, तर मुंबईहून बोट सरळ इथं येते. ती लेस्टरला कशाला नेऊ?"

शेवटचं वाक्य त्यानं अगदी हळू म्हटलं. हॉलंडवाल्यानंही मनात हेच म्हटलं असणार, फक्त त्यानं कार्ड पाठवलं.

चहा निवत होता. धाकटा पुडीचं तोंड दुमडत बसला होता. एकदा दुमडली, उलगडली, परत दुमडली.

"असं करा ना काका," दुकानदार म्हणाला, "दोन खोकी पाठवा. तुमच्या नावानं समोरच्या शेल्फवर ठेवतो. बघू."

मी तोंड उघडणार तेवढ्यात धाकटा म्हणाला, "नको. दोन खोक्यांवर चक्की फिरत नाही." आणि ती फोडलेली पुडी त्याच्या गल्ल्याशेजारी ठेवली. "ही घरी घेऊन जा. बायकोला द्या."

नमुन्याला फोडलेला माल परत पोत्यात टाकायचा नाही, हाही आमच्या पेठेचा रिवाज. सौदा होवो न होवो.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "हा नागपूरवाला भित्रा आहे. एडिसनला जाऊ, तिथं आपली दुकानं पुष्कळ."

एडिसनला गेलो. मुलानं सुट्टी काढून ड्राइव्ह केलं. तिथल्यांनी चहासुद्धा विचारला नाही, प्रश्न तोच विचारला. मी म्हणालो, "फिलाडेल्फियाला जाऊ." तिथंही तेच. मग मी म्हणायला लागलो की माझ्या ओळखीचा एक पुण्याचा पोरगा ईडन प्रेरीला असतो, तिथं थंडी फार, थंडीत हळदीचं दूध पितात, तिथं खपेल. सूनबाईनं पोळी वाढता वाढता माझ्याकडं असं बघितलं की मी गप्प बसलो. पण मनात हटलो नव्हतो. धाकट्याला रोज सांगत होतो, "धरून बस. बिल्डरला नाही सांग. दिवस पालटतात." तो "बरं दादा" म्हणायचा. एडिसननंतर त्यानं टाय लावला नाही. चामडी पिशवी दाराशी चपलांच्या कपाटावर ठेवली ती तिथंच.

तो दिवसदिवस खिडकीशी बसायचा. आमच्या खिडकीतनं दक्षिणेला खाडीचा तुकडा दिसतो, तिथनं मोठमोठ्या बोटी नेवार्कच्या बंदराकडं जातात. डबे रचलेले, निळे, लाल. नात शाळेतनं आली की त्याच्याशेजारी बसायची. तिला त्याचं इंग्रजी फार आवडलेलं.

"धाकटे आजोबा, व्हाय कान्ट इंग्लंड जस्ट गो बॅक?"

"बाहेर जाणं आमच्या हातात होतं, बेटा," तो इंग्रजीत म्हणाला. "परत घ्यायचं का नाही ते आता आतली माणसं बघणार."

"डिड यू वोट फॉर इट?"

"हो."

"आर यू सॉरी?"

तो बोटीकडं बघत म्हणाला, "मला वाटलं होतं मी धंद्यासाठीच मत देतोय." मराठीत म्हणाला. तिला ते कळलं का नाही मला माहीत नाही. ती त्याच्या दंडाला टेकून बसून राहिली.

मी आत जाऊन सूनबाईला उगाच विचारलं, आज भाजी काय आहे.

तो जायच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही दोघं नदीकाठी फिरायला गेलो. ऊन होतं पण वारा झोंबत होता. समोर न्यूयॉर्कच्या बिल्डिंगी चकचकत होत्या. आम्ही बाकावर बसलो. मी मफलर गळ्यातनं काढून दोघांच्या मांडीवर पसरला.

मी परत सुरू केलं. "ऐक माझं. शिकागोला..."

धाकट्यानं मफलरखाली हात घातला.

त्या पेठेतनं तो निघून गेल्याला जन्म लोटला. लहानपणी मीच त्याला घरी ती बोटं शिकवली होती, आईच्या लुगड्याच्या पदराखाली. तो कधी व्यापारी झाला नाही तिथला, त्याला ती वापरायची वेळ आली नाही. मला वाटलं विसरला असेल.

त्याचा हात माझ्या हातात आला, आणि उघडाच राहिला.

एकही बोट हललं नाही. त्यानं माझ्याकडं बघितलंही नाही, तो समोर पाण्याकडं बघत होता. हात थंड होता. तळव्याला जातं धरून पडतात तसे जुने घट्टे होते. नखांच्या कडा मला न बघता कळत होत्या.

मी हात काढून घेतला असता तर त्याचा अर्थ झाला असता, गिरणी नाही द्यायची, धरून बस. तो बसला असता. मी सांगितलं म्हणून शाळेत बसला, मी पाठवली म्हणून हळद दळली. मी हात काढला असता तर तो लेस्टरला जाऊन त्या बंद पडत चाललेल्या शेडात चक्कीला तेल देत बसला असता, एकेक पुडी भरत, कुणासाठी ते न विचारता. आणि मला इथं बसून म्हणता आलं असतं की आमची इंग्लंडात गिरणी आहे.

मी बराच वेळ तो हात धरून ठेवला. कुत्रं घेऊन एक बाई समोरनं गेली, परत आली. माझ्या मनात भाव नव्हता, काही नव्हतं. पहिल्यांदा पाठवलेल्या पोत्याचं तोंड मी कसं शिवलं होतं तेवढंच आठवत होतं. दुहेरी दोरा घेतला होता, समुद्रावर उसवू नये म्हणून.

मग मी त्याचा अंगठा दाबला.

त्यानं लगेच हात काढला नाही. थोड्या वेळानं म्हणाला, "बरं."

आम्ही उठलो. मफलर मी त्याच्याच गळ्यात घातला. त्यानं नको म्हटलं नाही.

त्यानं जाऊन बिल्डरला हो कळवलं. चक्की भंगारात गेली, कारण त्या मापाची आता कुणी वापरत नाही. पुढं इथं मसाल्यावरची ती जादा जकात उठवली म्हणून मुलानं वाचून दाखवलं. म्हणजे जो रस्ता आम्हाला सापडलाय असं वाटलं होतं, तो असता तरी तेवढेच दिवस टिकला असता. मी ऐकून घेतलं. लेस्टरला कळवलं नाही. तिथंही त्यानं वाचलं असणारच.

चामडी पिशवी तो मुद्दाम इथंच ठेवून गेला. सूनबाई एकेक पुडी काढते, आमटीला घालते. पुडीवर इंग्रजीत लेस्टर लिहिलेलं आहे. आता वास आला की कुणी खिडकीकडं जात नाही.

धाकट्याचा फोन रोज येतो. माझी सकाळ असते, त्याची दुपार. ती वेळ ट्रक भरायची.

"काय करतोयस?" मी विचारतो.

"काही नाही. बसलोय."

"जेवलास?"

"जेवलो."

मग आम्ही दोघं फोन धरून बसतो. त्याच्याकडनं पूर्वी मागं चक्कीचा आवाज यायचा, त्यामुळं मला ओरडून बोलायची सवय. परवा मी तसाच ओरडलो, "ऐकू येतंय का?"

"हळू बोल, दादा," तो म्हणाला. "आता सगळं ऐकू येतं."